सल्ल्याला गुण किती?

काही वर्षांपूर्वी गावातल्या पतसंस्थेसाठी मी मुदत ठेवींच्या तारखा दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तारखांपाशी अडलो, तेव्हा इंटरनेटवर एका सल्ला देणाऱ्या संकेतस्थळावर शोधले. शेकडो लोकांनी पसंती दिलेले उत्तर सर्वांत वर होते. तेच उचलले, 25 तारीख घालून तपासले, बरोबर आले. आठवड्याने एक आजी पावती घेऊन आल्या. "बाळा, माझ्या पावतीची मुदत पाच मार्चला संपते. तुझा कॉम्प्युटर तीन मे का म्हणतोय?"

ते उत्तर अमेरिकी पद्धतीचे होते. आधी महिना, मग दिवस. पंचविसावा महिना नसतोच, म्हणून 25 तारखेला प्रोग्रॅमने मुकाट्याने अदलाबदल करून घेतली. 05/03 ला मात्र तो फसला. खालच्या एका उत्तरात हा इशारा दिलेला होता. त्याला मते होती तीन. मी तिथवर गेलोच नव्हतो.

तेव्हापासून हे गुण पडतात कसे, याचे मला कुतूहल लागले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे 'स्टॅक ओव्हरफ्लो' हे संकेतस्थळ 2008 मध्ये सुरू झाले. तिथला हिशेब पाहा. उत्तर कुणाला पटले की लिहिणाऱ्याला 10 गुण. विचारणाऱ्याने ते स्वीकारले की 15. नापसंतीचे मत पडले तर 2 वजा. पण उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही 1 गुण जातो. उगाच कुणी कुणाला खाली ओढू नये, हा त्यामागचा हेतू. त्या व्यवस्थेत आल्या आल्या मतही देता येत नसे. पसंतीसाठी 15 गुण गाठीशी लागत, नापसंतीसाठी 125. म्हणजे आधी थोडी पत कमवा, मग न्यायनिवाडा करा.

व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. तरी एक गोष्ट तिच्या हाताबाहेरची आहे. जे उत्तर वर असते तेच जास्त वाचले जाते, म्हणून त्यालाच आणखी मते पडतात. जुन्या उत्तराला मते गोळा करायला वर्षे मिळालेली असतात. कालच्या अचूक उत्तराला एकच रात्र. या संकेतस्थळावर विचारणाऱ्याने स्वीकारलेले उत्तर कायम सर्वांत वर राहत असे. 2021 मध्ये तो नियम बदलावा लागला. डिसेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर तिथे बंदी आली. ती दिसायला नीटनेटकी, पण अनेकदा चुकीची असत. आणि इतक्या वेगाने येत, की तपासणारे अपुरे पडू लागले.

मते देणाऱ्या त्या शेकडो लोकांनी मला फसवले नव्हते. त्यांचे काम त्या उत्तराने खरोखरच झाले होते. गुण सांगतात ते एवढेच, की किती जणांना उपयोग झाला. त्यांची अडचण आणि आपली अडचण एकच आहे का, हे गुण सांगत नाहीत. म्हणून आता मी उत्तराची तारीख पाहतो, मूळ प्रश्न पुन्हा वाचतो आणि तीन मतांच्या उत्तरापर्यंत खाली जातो.

आजींची तारीख त्याच दिवशी दुरुस्त केली. मग सगळ्या पावत्या काढून एकेक हाताने ताडून पाहिली. त्या कामाला मात्र कुणी गुण दिले नाहीत.

(संपादित रेडिओ-भाषण)