बोटांचे डोळे

भिंगारास आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. काचबिंदूनें त्यांची दृष्टि जवळजवळ गेली आहे. सारी नोकरी त्यांनीं इंग्रजी टंकलेखनांत घालविली. आजहि यंत्र पुढें ठेवलें कीं त्यांचीं बोटें बिनचूक चालतात. परंतु नातवानें आणलेल्या गुळगुळीत मोबाईलवर 'खुशाल आहे' एवढे दोन शब्दहि त्यांस लिहितां येईनात. "अहो, डोळे गेल्याचें सोसलें, पण लेकीला चार ओळी लिहावयाच्या, त्याहि दुसऱ्यास सांगून!" असें ते म्हणाले, तेव्हां आम्ही निरुत्तर झालों.

न पाहतां लिहिण्याची कला नवी नव्हे. सन १८८८ मध्यें अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील स्पर्धेंत फ्रँक मॅकगुरिन यानें कळांकडे न पाहतां टंकलेखन करून प्रतिस्पर्ध्यास मागें टाकलें. आजच्या कळफलकावर 'एफ' व 'जे' या कळांवर बारीकशी उंच रेघ असते. तर्जनी तेथें टेकल्या कीं इतर बोटें आपापलीं घरें ओळखतात. बटणांच्या मोबाईलवर पांचाच्या आंकड्यावरील उंचवटा हेंच काम करितो.

कांचेचा पडदा मात्र सर्वत्र सारखा! अक्षर दाबतां तो थरथरतो खरा. पण ती थरथर बोट टेकल्याचें सांगते, कोठें टेकलें तें सांगत नाहीं. रेघ आधीं वाट दाखविते. थरथर मागाहून येते.

यावर ब्रेल जाणणारांस एक सुंदर तोड मिळाली आहे. आयफोनवर २०१४ पासून व अँड्रॉइडवर २०२० पासून, सहा ठिपक्यांचें ब्रेल पडद्यावर बोटांनीं लिहितां येतें. बोटें टेकतील त्या मानानें यंत्र ठिपके मांडून घेतें. म्हणजे बोटानें कळ शोधावयाची नाहीं, कळच बोटापाशीं येते! १९५१ सालीं ठरलेल्या भारती ब्रेलमध्यें पहिला व तिसरा ठिपका मिळून 'क' होतो.

उतारवयांत ब्रेल शिकणें मात्र सर्वांस साधत नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या मोबाईलला आम्हीं लहानसा बिनतारी कळफलक जोडून दिला. दाबलेलें अक्षर यंत्र उच्चारून दाखवितें. देवनागरीच्या इन्स्क्रिप्ट रचनेंत बहुतेक स्वर डाव्या हातास, बहुतेक व्यंजनें उजव्या हातास. त्या दोन रेघांवर ऱ्हस्व वेलांटी व 'र' येतात. एवढ्या आधारावर ते सध्यां मराठी अक्षरें गिरवीत आहेत.

घरांतील वडीलधाऱ्यांसाठीं यंत्र घेतांना वाचकांनीं त्याचा झगमगाट पाहूं नये. तें आधीं त्यांच्या हातीं द्यावें, आणि त्यांच्या बोटांस विचारावें.