दंतरोपण : हाडात रुजणारा धातू

भात खाताना दाताखाली खडा आला की आपण क्षणात थांबतो. खडा किती लहान असावा? नैसर्गिक दातांमध्ये सुमारे २० मायक्रोमीटर जाडीची, म्हणजे केसाहूनही बारीक वस्तू आली तरी ती जाणवते. दात तर दगडासारखा कठीण. मग ही जाणीव होते कुठे? दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा एक थर असतो. दात हाडाला चिकटलेला नसतो, तर या तंतूंनी खोबणीत टांगलेला असतो. चावताना तो किंचित दबतो आणि त्या थरातील चेतातंतू मेंदूला खबर देतात. हा थर लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याशी काम आहे.

दात पडला की कवळी बसवता येते. पण ती हिरडीवर टेकते आणि दाताचा आधार गेलेले खालचे हाड झिजतच राहते. ब्रिज करायचा तर शेजारचे चांगले दात घासून लहान करावे लागतात. दंतरोपणात टिटॅनियमचा सुमारे ३ ते ५ मिलिमीटर व्यासाचा स्क्रू हाडात बसवतात आणि तो पक्का झाला की त्यावर कृत्रिम दात चढवतात.

ही पद्धत दातांच्या संशोधनातून निघालेली नाही. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टिटॅनियमची एक नळी बसवली होती. काम संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेना! हाड धातूला घट्ट धरून वाढले होते. १९६५ मध्ये त्यांनी गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो रुग्ण २००६ साली वारला, तोवर ते जागच्या जागी होते.

टिटॅनियमच का? हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. लोखंडाच्या गंजासारखी त्याची खपली निघत नाही. तो घट्ट धरून राहतो आणि शरीरद्रवांत विरघळत नाही. म्हणजे खरे पाहता हाडाच्या पेशींची गाठ धातूशी पडतच नाही, पडते ती त्याच्या गंजाशी. आमच्यासारख्या प्रयोगशाळेतल्या माणसांना या गोष्टीची मोठी गंमत वाटते. एरवी आमचा सारा खटाटोप गंज टाळण्यासाठी चाललेला असतो.

मात्र हाड जिवंत राहिले तरच ते स्क्रूला धरते. छिद्र पाडताना घर्षणाने तापमान ४७ अंश सेल्सिअसवर जाऊन मिनिटभर तसेच राहिले, तर हाडाच्या पेशी मरतात. म्हणून ड्रिल हळू फिरवून त्यावर मिठाच्या पाण्याची धार धरतात. घर्षण आणि उष्णता शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. त्यानंतर हाड भरून येण्यास बहुधा काही महिने लागतात. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे रोपण फसण्याचा धोका वाढतो. खर्चही कमी नाही.

आता त्या तंतूंच्या थराकडे वळू. रोपण थेट हाडाला जोडलेले असते, मध्ये थर नसतो. त्यामुळे बारीक खडा त्याला तितकासा कळत नाही. शिवाय ते जागचे हलतही नाही, आणि मुलांच्या बाबतीत हीच अडचण ठरते. जबडा वाढतो तसे दात त्याच्याबरोबर सरकतात. रोपण होते तिथेच राहते आणि शेजारच्या दातांच्या मानाने आत बुडाल्यासारखे दिसू लागते. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत सहसा रोपण करत नाहीत. चौथी-पाचवीतल्या मुलाचा पुढचा दात गेला, तर त्याला आठ-दहा वर्षे थांबावे लागेल.

तेव्हा मैदानावर मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळला तर तो शोधावा. दिसणाऱ्या बाजूने धरावा, मुळाला हात लावू नये, घासू तर मुळीच नये. माती असल्यास दुधाने हलकेच धुऊन लगेच खोबणीत बसवावा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवून दवाखाना गाठावा, शक्यतो अर्ध्या तासात. पाण्यात ठेवू नये : परासरणाने मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. मुळावरचे तंतू कोरडे पडून मेले, तर बसवलेला दात हाडाला जोडला जातो, आणि मग हाडाची नित्याची झीज-भर सुरू झाली की हाडाबरोबर त्याचे मूळही हळूहळू झिजून जाते. टिटॅनियम तसे झिजत नाही.