हेड घासलं की गाडी पळते?

मी इंजिनातल्या ज्वलनावर पीएचडी करतो म्हणून मित्राने परवा विचारलं, "जुन्या मारुती ८०० चं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवू का?" गणितच करू. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी साधारण २६५ सीसी. रेशो ८.७ धरला तर पिस्टन वर पोचल्यावर उरते ३४.५ सीसी जागा. रेशो ९.५ करायचा तर ती ३१.२ हवी. ६८.५ मिमी बोअरला हे जेमतेम ०.९ मिमी. पण ज्वलनकक्षाचं तोंड बोअरपेक्षा लहान असेल तर जास्त घासावं लागतं. म्हणून आधी ब्युरेटने तेल ओतून कक्ष मोजायचा, मगच मशीनवर चढवायचं.

फायदा? आदर्श ऑटो सायकलची कार्यक्षमता ५७.९ वरून ५९.४ टक्के. बस! बदल्यात नॉकिंगची भीती वाढते: ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि इंजिन खडखडतं. शिवाय हेड खाली आलं की कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या जवळ येतो, त्यामुळे टायमिंग बेल्टवर चालणारे व्हॉल्व्ह किंचित उशिरा उघडतात. घासलेला धातू काही परत येत नाही. फार तर जाड गॅस्केट टाकायचं.

मी त्याला उलट विचारलं, "टाकीत पेट्रोल कुठलं भरतोस?"