४५७७८.७५ म्हणजे किती वाजले?

एक्सेलच्या खान्यात तारीख दिसत असते; फॉरमॅट बदलून ‘जनरल’ केलं की तिच्या जागी ४५७७८.७५ असा आकडा येतो. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला, तर १ मे २०२५ हा ४५७७८ वा. दशांशातला ०.७५ म्हणजे पाऊण दिवस सरला, संध्याकाळचे सहा वाजले.

युनिक्स मात्र सेकंद मोजतं, तेही १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून. म्हणून एक्सेलची तारीख युनिक्सच्या वेळेत बदलायची, तर कोडमध्ये एक्सेलच्या आकड्यातून २५५६९ वजा करायचे आणि उरतील त्यांना ८६४०० ने गुणायचं.

हा २५५६९ जो तो डोळे मिटून चिकटवतो. मोजून पाहू. १९०० ते १९६९ ही सत्तर वर्षं: ७० गुणिले ३६५ म्हणजे २५५५०. त्यात १९०४ ते १९६८ मधली सतरा लीप वर्षं मिळवली की २५५६७. दोन कमी पडले! एक वाढतो तो मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू होते म्हणून. दुसरा आहे २९ फेब्रुवारी १९००, जो कधी उगवलाच नाही. शतकी वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप. १९०० ला जात नाही. लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये ही चूक होती आणि त्याच्या फायलींशी मेळ राहावा म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून ठेवली. परिणामी १ मार्च १९०० च्या आधीच्या तारखांना एक दिवस वाढवून द्यावा लागतो. पगारपत्रकात इतक्या जुन्या तारखा येतच नाहीत, त्याला याचं सोयरसुतक नाही.

आपल्या आकड्याचं उत्तर येतं १७४६१२२४००. पण एक्सेलला टाइमझोन ठाऊक नसतो. ती वेळ पुण्यात टाइप केलेली असेल, तर हे उत्तर भारतीय वेळेनुसार रात्रीचे साडेअकरा दाखवेल. साडेपाच तासांचे १९८०० सेकंद वजा केले की १७४६१०२६०० हे खरं उत्तर मिळतं. जावास्क्रिप्टला मिलिसेकंद लागतात. हजाराने गुणायचं राहिलं, तर तारीख थेट २१ जानेवारी १९७० वर जाते.

बहुतेक वेळांचे अपूर्णांक बायनरीत नेमके बसत नाहीत. तेव्हा गुणाकार झाल्यावर दशांश छाटू नयेत, जवळच्या सेकंदाला पूर्णांकित करावं. नाहीतर १०:१०:०० चे १०:०९:५९ होऊ शकतात. आणि फाईल जुन्या मॅकवरची असेल, तर मोजणी १९०४ पासूनची असू शकते. वर्कबुकचं ते सेटिंग आधी तपासायचं; तसं निघालं, तर सगळ्यात आधी १४६२ मिळवायचे.