भोंगा वाजला, पण ऐकला कोणी?

बोरिवलीच्या पश्चिमेला गोराईची जेट्टी आहे. तिथून होडीने खाडी ओलांडली की पलीकडे गोराई गाव लागते. गाव मुंबईतच आहे, पण तिथे जायचे तर होडी, नाहीतर भाईंदर-उत्तनमार्गे मोठा वळसा. माझ्या एका सहकाऱ्याचे वडिलोपार्जित घर या गावात आहे. तो राहतो मुलुंडला, त्यामुळे घर आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असते. दारा-खिडक्यांना त्याने अलार्म बसवला होता. एका पावसाळ्यात कोणीतरी मागची खिडकी फोडली. भोंगा वाजला आणि बॅटरी संपेपर्यंत वाजत राहिला. शेजाऱ्यांना वाटले, पावसाने बिघडला असेल. शनिवारी सहकारी घरी आला तेव्हा पाण्याचा पंप आणि आजीची तांब्याची भांडी गेलेली होती.

यंत्राने त्याचे काम चोख केले होते. बातमी तेवढी पोहोचली नव्हती. ती पोहोचावी म्हणून आम्ही दोघांनी त्या अलार्मला मोबाईलच्या जाळ्याशी जोडायचे ठरवले. त्यात जे विज्ञान उपयोगी पडले ते शाळेतल्या पुस्तकातलेच आहे, म्हणून इथे सांगतो.

आधी दारापासून सुरुवात करू. चौकटीवर काचेच्या नळीत दोन लवचीक लोखंडी पट्ट्या असतात आणि दाराच्या फळीवर चुंबक असतो. दार बंद असताना चुंबकामुळे पट्ट्या एकमेकींना चिकटतात व मंडलातून वीज वाहते. दार उघडले की वीज थांबते आणि अलार्म जागा होतो. आता मुलांना एक प्रश्न विचारा. दार उघडल्यावर वीज सुरू व्हावी, अशी उलटी रचना का केली नाही? उत्तर सोपे आहे. तशी रचना असती तर चोराने आधी तार कापली की अलार्म कायमचा मुका झाला असता. आपल्या रचनेत तार कापणे म्हणजे दार उघडण्यासारखेच. म्हणजे इथे शांतता हीच बातमी असते. हे तत्त्व लक्षात ठेवा, ते शेवटी पुन्हा लागणार आहे.

विजेवर चालणाऱ्या चोरसूचक घंटेचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली घेतले. ते विकत घेऊन एडविन होम्स यांनी धंदा उभा केला आणि पुढे घराघरांतल्या तारा मध्यवर्ती कचेरीला जोडल्या. घंटा घरात वाजून भागत नाही, ती दुसरीकडे कळली पाहिजे, हे तेव्हाच लक्षात आले होते. तारेची जागा आता रेडिओलहरींनी घेतली आहे.

त्यासाठी सिम कार्ड घालायचे एक छोटे यंत्र मिळते. बाजारात त्याला जीएसएम डायलर म्हणतात. अलार्मने इशारा दिला की ते साठवलेल्या क्रमांकांना फोन करते व संदेश पाठवते. भोंग्याकडे जाणारे १२ व्होल्ट मात्र डायलरला थेट जोडू नयेत. पुष्कळ डायलरना बाहेरचा दाब चालत नाही, त्यांना फक्त दोन टोके जुळलेली हवी असतात. म्हणून आम्ही मध्ये रिले घातला. भोंग्याच्या विजेने रिले ओढला जातो आणि त्याचे संपर्क डायलरला खबर देतात.

खरी अडचण पुढे आली. लहरींची ताकद डीबीएम या एककात मोजतात. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिमची स्थिती’ पाहिली की हा आकडा दिसतो. तो उणे असतो आणि दर १० ने घसरला की शक्ती दहा पटीने कमी होते. घराच्या जाड भिंतींच्या आत, पत्र्याच्या छपराखाली आमचा आकडा होता उणे १०५. बाहेर वळचणीखाली तोच उणे ८५. फरक २० चा, म्हणजे शक्ती शंभर पट! म्हणून यंत्र आत सुरक्षित ठेवले आणि अँटेना बाहेर नेली. अलार्मच्या लोखंडी पेटीत तर अँटेना ठेवूच नये, कारण धातू लहरींना आत शिरू देत नाही. केबलही आखूडच हवी. नेहमीच्या बारीक केबलच्या १० मीटर लांबीत निम्म्याहून जास्त शक्ती वाया जाते.

अँटेना कुठे लावायची तेही मोजूनच ठरवावे. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. सरळ आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर काही जागी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. तेव्हा वीतभर सरकवल्यानेही फरक पडतो. खाडीकाठी आणखी एक गोष्ट घडते. लहरी पाण्यावरूनही परावर्तित होतात आणि भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलते. म्हणून नोंद दोन्ही वेळांची घ्यावी.

यानंतर वीजपुरवठा. जुना २जी फोन रेडिओजवळ ठेवला की तडतड आवाज येई, तो आठवतो? असा फोन सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देतो. झटक्याच्या क्षणी त्याला २ अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. अ‍ॅडॉप्टर अपुरा असेल किंवा तारा बारीक व लांब असतील, तर नेमका तेव्हाच दाब घसरतो आणि यंत्र बंद पडते. एरवी दिवा हिरवा, आणि हाक मारायच्या क्षणी मुके! म्हणून दिवा पाहून समाधान मानू नका. मुख्य वीज बंद करा, दार उघडा, आणि फोन येतो का ते पाहा.

बॅटरीचा हिशेब मुलेही करू शकतील. बॅटरी ७ अँपिअर-तासांची आणि सारे मिळून १५० मिलिअँपिअर लागत असतील, तर कागदावर ४६ तास होतात. बॅटरी जुनी होत जाते, म्हणून ३०च धरावेत.

जाळे कोणते हेही पाहायला हवे. २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात २जी नाहीच. फक्त २जी जाणणाऱ्या डायलरला ते सिम निरुपयोगी आहे. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने २०१७च्या आरंभी २जी आणि २०२२मध्ये ३जी बंद केले, तेव्हा अनेक घरांतली अलार्मची चांगली चालणारी यंत्रे बदलावी लागली. आज घ्यायचे तर ४जीवर चालणारे घ्यावे.

एवढे करूनही टॉवरच बंद पडला तर? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांतली वीज गेली आणि मोबाईलही ठप्प झाले. अशा दिवशी आपला डायलर काही बोलणार नाही. रिचार्ज संपले तरी तेच होईल. इथे दाराचे तत्त्व पुन्हा उपयोगी पडते. आमचा डायलर रोज सकाळी ७ वाजता ‘ठीक आहे’ असा संदेश पाठवतो. तो आला नाही की समजायचे, कुठेतरी तार तुटली. ही तार आता घरापासून मुलुंडपर्यंत लांब झाली आहे, एवढाच फरक.

पहिला क्रमांक कोणाचा घालायचा, यावर आम्ही बराच वेळ बोललो. सहकाऱ्याचा घातला तर मध्यरात्री मुलुंडहून वळसा घालून तो पोहोचेपर्यंत काय उरणार? शेवटी पहिला क्रमांक शेजारच्या काकांचा घातला, त्यांना विचारूनच. ‘त्या रात्री कळलं असतं तर बॅटरी घेऊन गेलो नसतो का?’ एवढेच ते म्हणाले.

वर्गासाठी एक प्रयोग. एक फोन अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये दोन-तीन पदरांत घट्ट गुंडाळा, थोडा वेळ थांबा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला फोन लावा. मग फॉइल एका कोपऱ्यात थोडे उघडून पुन्हा लावा. काय झाले ते मुलांनाच सांगू द्या, आणि त्यांची कारणे ऐका.