ब्लॉग तुमचा, चावी कोणाकडे?

“ब्लॉग लिहून चार पैसे मिळवायचेत. कुठे सुरू करू? सुरक्षित काय?” हा प्रश्न मला इथे न्यू जर्सीत वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकायला मिळतो. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, मुलांना मराठी शाळेत सोडून पार्किंगमध्ये थांबलेलं असताना, एकदा तर चक्क बारशाच्या पाळण्याशेजारी. छोट्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे आता त्याची सवय झाली आहे. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. पाककृती, मुलांची पुस्तकं, प्रवास असं काहीतरी मनात घोळत असतं. आणि उत्तर एका शब्दात हवं असतं. वर्डप्रेस की ब्लॉगर, सांगून टाक.

मी आधी विचारते, सुरक्षित म्हणजे कोणापासून? “हॅकरपासून, आणखी कोणापासून?” हॅकर आहेतच, त्यांच्याकडे येतेच. पण माझ्या पाहण्यात जे ब्लॉग बुडाले, त्यातले बरेचसे कुणी फोडून आत शिरल्यामुळे बुडाले नाहीत. जुनी ईमेल बंद पडली, भारतातला फोन नंबर गेला, कार्डाची मुदत संपली, अशा साध्या कारणांनी बुडाले.

माझी एक मैत्रीण पेनसिल्व्हेनियात राहते. सासर खानदेशातलं. सासूबाईंच्या वहीतले पदार्थ ती सहा वर्षं इंग्रजीतून लिहीत होती. शेवभाजी, कळण्याची भाकरी, डुबुकवड्या, खापरावरचे मांडे. प्रत्येक प्रमाण कप आणि चमच्यात, शिवाय इथल्या दुकानात अमुक मिरची मिळाली नाही तर काय घ्यायचं तेही. जाहिरातींतून महिन्याला तीन-साडेतीनशे डॉलर यायचे. मुलीच्या पियानोची फी त्यातून जायची, त्यामुळे घरात त्या ब्लॉगला मान होता.

हा ब्लॉग तिला भाच्याच्या नाशिकच्या मित्राने उभा करून दिला होता. मुलगा सरळ, कामाला चोख. पण डोमेन, म्हणजे ब्लॉगचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर घेतलं. ईमेल दिली ती तेव्हाच्या ऑफिसची. कार्डही त्याचंच, पैसे दरवर्षी ही पाठवून द्यायची. मग त्याने नोकरी बदलली, ती ईमेल बंद झाली. मुदत संपत आल्याची पत्रं बंद पेटीत जात राहिली. कार्डही दरम्यान बदललेलं. डोमेनची मुदत संपली, सवलतीचे दिवसही संपले, आणि ते खुल्या बाजारात आल्यावर तिसऱ्याच कुणीतरी उचललं. एके दिवशी जळगावहून नणंदेचा फोन: “वहिनी, तुमच्या पानावर जुगार दिसतोय.”

तिने डोमेन कंपनीला फोन केला. नोंदीत तुमचं नाव नाही, आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही, एवढंच उत्तर मिळालं. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. होस्टिंगही त्याच मुलाच्या खात्यावर, तिथलेही पैसे थकलेले. फायली पुसल्या गेल्या होत्या. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुन्या पानांच्या प्रती सापडतात, तिथून आम्ही दोघींनी बसून निम्म्याच्या वर पदार्थांचा मजकूर परत मिळवला. फोटो थोडेच हाती लागले. मूळ वही जळगावला आहे म्हणून ठीक. पण सासूबाईंना फोनवर विचारून विचारून घेतलेली प्रमाणं वहीत कुठून असणार? आणि सासूबाई आता नाहीत.

म्हणून माझं पहिलं उत्तर नेहमी डोमेनचं असतं. प्लॅटफॉर्म कुठलाही घ्या, पत्ता मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कार्डावर आणि खासगी ईमेलवर घ्या. नोकरीच्या ठिकाणची ईमेल नको, नवऱ्याच्या ऑफिसचीही नको. डॉट कॉम साधारण वर्षाला दहा ते वीस डॉलरला पडतं. पत्ता आणि फोन उघड होऊ नयेत म्हणून नोंद खासगी ठेवायची सोय असते, ती चालू करा. दहा वर्षांपर्यंतचे पैसे एकदम भरता येतात. मी निदान तीन वर्षांचे भरायला सांगते. पत्ता तुमचा असला की प्लॅटफॉर्म नाही आवडला तर बिऱ्हाड हलवता येतं आणि वाचक मागोमाग येतात.

बिऱ्हाड हलवायची वेळ येते हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. नव्वदीच्या दशकात कित्येकांनी जिओसिटीजवर पानं केली होती. ती सेवा अमेरिकेत २००९ मध्ये बंद झाली. परदेशातल्या किती मंडळांचा पत्रव्यवहार याहू ग्रुप्सवर होता! २०२० च्या डिसेंबरमध्ये तेही मिटलं. दोन्ही ठिकाणी कुणी चोरी केली नव्हती. मालकाने दुकान बंद केलं, इतकंच.

आता तो एका शब्दातला प्रश्न. ब्लॉगर हे गूगलचं. २००३ पासून त्यांच्याकडे आहे आणि फुकट आहे. स्वतःचं डोमेन जोडता येतं, सर्व्हरची काळजी तुम्हाला नाही, अपडेट करायचे नाहीत, गूगलच्या अॅडसेन्सच्या जाहिराती तिथल्या तिथे लावता येतात. जिला तांत्रिक बाजूची कटकट नको, तिला मी बिनदिक्कत ब्लॉगर सांगते. दिसायला ते आता जुनाट वाटतं, पण चकलीची कृती वाचणाऱ्याला त्याचं काही नसतं. धोका एकच: सगळं एका गूगल खात्यावर टांगलेलं असतं. ते खातं गेलं की ब्लॉग, फोटो, ईमेल एकदम जाणार. तेव्हा दर महिन्याला ब्लॉगची प्रत उतरवून घ्यायची आणि ती त्या खात्याच्या बाहेर ठेवायची.

वर्डप्रेस म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी, आणि इथे भले भले गोंधळतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही भाड्याची सदनिका. देखभाल कंपनी करते, फुकट योजनेत जाहिराती त्यांच्या लागतात, कमाई करायची तर पैसे मोजून वरची योजना घ्यावी लागते. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्वतःच्या जागेवर बांधलेलं घर. सॉफ्टवेअर फुकट, होस्टिंग तुम्ही घ्यायचं, जाहिराती हव्या त्या लावायच्या, पण कडी-कुलूपही तुम्हीच बघायचं. या सॉफ्टवेअरमध्ये सापडणाऱ्या भोकांपैकी बहुतेक मूळ वर्डप्रेसमध्ये नसतात, वरून घातलेल्या प्लगइनमध्ये आणि थीममध्ये असतात. गुलाबी कडा असलेली ती पैसेवाली थीम कुठेतरी फुकट मिळाली म्हणून घातली, तर तिच्यात मागचं दार ठेवलेलं असण्याची शक्यता दाट. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका साइटवर ३८ प्लगइन होते. त्यातला एक बर्फ पडताना दाखवायचा, बारा महिने. मी सहा-सातच्या वर जाऊ देत नाही, आणि अपडेट आपोआप होतील असं ठेवते.

सबस्टॅक हा तिसरा पर्याय, वर्गणीवर लिहिणाऱ्यांसाठी. २०१७ मध्ये सुरू झाला. वर्गणीतला दहा टक्के वाटा ते घेतात, कार्डाचं शुल्क वेगळं. मला त्यातलं आवडतं ते हे की वर्गणीदारांच्या ईमेलची यादी उतरवून घेता येते. ज्यांच्या जाहिराती टीव्हीवर दिसतात त्या ओढा-सोडा-लावा छापाच्या सेवा दिसायला देखण्या असतात, पण आत शिरण्यापूर्वी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघून घ्या. मजकूर कुठल्या स्वरूपात बाहेर काढता येतो? फोटोंसकट येतो का? उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर मी तिथे पाय ठेवत नाही.

होस्टिंग घेताना दोनच गोष्टी विचारा: रोज बॅकअप घेता का, आणि तो मला स्वतःला परत बसवता येतो का. नंतर एकदा तो खरंच बसवून बघा. बॅकअप आहे असं सांगणारे पुष्कळ भेटले, कधी उघडून पाहिलेला भेटणारे विरळा. पत्त्यापुढचं कुलूप, म्हणजे एचटीटीपीएस, यासाठी जास्तीचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं फुकट मिळतात आणि चांगले होस्ट ती आपणहून लावतात.

यापुढचं मात्र खास आपल्या, परदेशात राहणाऱ्यांच्या वाट्याचं. कितीतरी जणींचं जीमेल खातं कॉलेजच्या दिवसांतलं असतं आणि त्याला जोडलेला नंबर भारतातला. तो फोन आईकडच्या कपाटात. ९० दिवस वापर नसेल तर भारतातला मोबाइल नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. म्हणजे तुमच्या खात्याचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर! ब्लॉग सुरू करायच्या आधी हा नंबर काढून टाका. ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अॅप लावा, आणि ते सुरू करताना जे राखीव कोड मिळतात ते कागदावर छापून पासपोर्टांच्या फाइलीत ठेवा. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवणं उपयोगाचं नाही. फोन हरवला तेव्हाच तर ते लागणार.

दुसरं देशाचं. अॅडसेन्सच्या पैशांच्या खात्याचा देश नंतर बदलता येत नाही. पुण्यात असताना उघडलेलं खातं घेऊन इथे आलात, तर ते बंद करून इथल्या पत्त्यावर नवं उघडावं लागतं. एका व्यक्तीला एकच खातं चालतं, म्हणून जुनं आधी मिटवायचं, त्यात साठलेली रक्कम वळती करून घ्यायची. परत भारतात जायचा बेत असेल त्यांनीही हे लक्षात ठेवावं. मराठीतल्या पानांना अॅडसेन्स २०१८ पासून मिळतं. फक्त भारतात वाचल्या गेलेल्या पानाला जाहिरातीचा भाव अमेरिकेतल्यापेक्षा बराच कमी असतो, तेव्हा हिशेब त्या बेताने मांडा.

आणि व्हिसा. इथे मी आवाज चढवते, माफ करा. ब्लॉग लिहायला कुणाची बंदी नाही, प्रश्न कमाईचा आहे. एच-४ वर असलेल्या काही जणींना मे २०१५ पासून काम करायचा परवाना मिळू शकतो, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलेलं असेल तरच. तो परवाना नसताना जाहिराती लावणं म्हणजे पुढच्या सगळ्या कागदपत्रांवर टांगती तलवार. “मग खातं आईच्या नावावर पुण्यात काढते,” हे मी कमीत कमी चौघींकडून ऐकलंय. अगं, पैसे आईच्या बँकेत गेले तरी काम तू एडिसनमध्ये बसून करतेस ना! इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा फी देऊन विचारा. तोपर्यंत लिहीत राहा, मजकूर साठवा, डोमेन घेऊन ठेवा, जाहिराती नंतर लावता येतील. परवाना असेल त्यांच्यासाठी करांचं थोडक्यात: वर्षाचं निव्वळ उत्पन्न ४०० डॉलर किंवा जास्त झालं की स्वयंरोजगाराचा कर लागतो. होस्टिंगची बिलं जपून ठेवा, ती खर्चात धरता येतात. विक्रीवर दलाली मिळणारी लिंक दिली असेल तर तसं वाचकाला उघड सांगणं इथे बंधनकारक आहे.

शेवटी भारतातल्या नातेवाइकांना एक विनंती, कारण हे सदर तुम्हीही वाचता. डॅलसच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा ट्रेकिंगचा ब्लॉग छान चालला होता. त्यांच्या काकूंनी कौतुकाने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फर्मान काढलं: रोज सगळ्यांनी उघडायचा आणि जाहिरातींवर क्लिक करायचं, तेवढाच पोराला हातभार. सव्वीस माणसांनी पंधरा दिवस इमाने इतबारे केलं. जाहिरात कंपनीला ते खोटे क्लिक वाटले, खातं बंद झालं आणि जमलेले डॉलरही गेले. काकूंना अजून कळलेलं नाही आणि ते सांगायचं धाडस त्यांना होत नाही. तेव्हा लेख जरूर वाचा, पुढे पाठवा, चकलीत मोहन कमी पडलं तर फोन करून दोन शब्द सुनवा. जाहिरातीवर मात्र बोट लावू नका, खरोखर काही विकत घ्यायचं असल्याशिवाय.