डॉक्टरांचे नवे घर

नव्या घरात राहायला जायचे म्हटले की धावपळ आलीच. काचेचे सामान कशात बांधायचे, आधी गाद्या न्यायच्या की कपाटे, लहान मुलाला त्या दिवशी कोणाकडे ठेवायचे, एक ना दोन. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात ग्लॅडिस स्वीट या तरुण गृहिणीनेही ८ सप्टेंबर १९२५ रोजी आपल्या सव्वा वर्षाच्या मुलीला, आयव्हाला, आपल्या आईवडिलांकडे ठेवले होते. मात्र त्याचे कारण सामानाची धावपळ हे नव्हते. त्या दिवशी घरच्या थोड्याशा सामानाबरोबर बंदुका, पिस्तुले आणि काडतुसेही नव्या घरी चालली होती. घरापुढे पोलीस आधीच येऊन उभे होते.

ग्लॅडिसचे पती डॉ. ऑसियन स्वीट हे शहरातील चांगली प्रॅक्टिस असलेले डॉक्टर. वय एकोणतीस. व्हिएन्ना आणि पॅरिस येथे पुढचे शिक्षण घेऊन, मादाम क्युरींचे व्याख्यान ऐकून परतलेले. गारलंड अव्हेन्यू आणि शार्लव्हॉय रस्ता यांच्या कोपऱ्यावरचा विटांचा दुमजली बंगला त्यांनी १८,५०० डॉलर्सना घेतला होता. साडेतीन हजार आधी आणि बाकीची रक्कम हप्त्यांनी. बाजारभावापेक्षा ही किंमत बरीच जास्त होती. पण कृष्णवर्णीय माणसाला घर घ्यायचे तर असे जास्तीचे पैसे मोजावेच लागत. गारलंड अव्हेन्यूवरचे शेजारी कोणी लक्षाधीश नव्हते. कारखान्यांतले फोरमन, कारकून, छोटे दुकानदार अशी ती हप्ते भरून घर केलेली साधी माणसे होती. शिक्षणात आणि कमाईत डॉक्टर त्यांच्यातल्या बहुतेकांपेक्षा वरचढ होते. फक्त ते काळे होते.

१९१४ साली हेन्री फोर्डने आपल्या कामगारांना दिवसाला पाच डॉलर्स देण्याची घोषणा केली आणि डेट्रॉईटचे नाव देशभर झाले. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवर राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे आगगाड्या भरभरून उत्तरेकडे येऊ लागली. १९१० मध्ये या शहरात जेमतेम पावणेसहा हजार कृष्णवर्णीय होते. १९२५ पर्यंत तो आकडा ऐंशी हजारांच्या घरात गेला. पण त्यांनी राहायचे कुठे, तर ‘ब्लॅक बॉटम’ या एकाच दाटीवाटीच्या वस्तीत. तिथे एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे, भाडे मात्र गोऱ्यांच्या वस्तीपेक्षा जास्त! वस्तीबाहेर घरे होती, पण अनेक घरांच्या खरेदीखतातच अट असे की, हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही. गोऱ्या टोपीवाल्यांची ‘कू क्लक्स क्लॅन’ ही संघटना तेव्हा उत्तरेतही फोफावली होती. १९२४ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत क्लॅनचा उमेदवार जवळजवळ निवडून आला होता. मतपत्रिकेवर त्याचे नाव छापलेले नव्हते, ते मतदारांना हाताने लिहावे लागले आणि चुकीच्या स्पेलिंगमुळे हजारो मते बाद झाली, म्हणून तो हरला.

ऑसियन मूळचे दक्षिणेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या बार्टो गावचे. ते पाच-सहा वर्षांचे असताना, १९०१ मध्ये, त्या गावात एका सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला जमावाने जिवंत जाळले. आपण झुडपात लपून तो प्रकार पाहिला, असे डॉक्टर पुढे सांगत असत. ते तेरा वर्षांचे झाले तेव्हा आईवडिलांनी मन घट्ट करून त्यांना एकट्यालाच उत्तरेला ओहायोत शिकायला पाठवले. कष्टाची कामे करीत, हॉटेलात वाढप्याचे काम करीत ते शिकले. मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात वैद्यकीच्या अभ्यासाला गेले. तिथेही १९१९ चा उन्हाळा त्यांच्या वाट्याला आला.

त्या उन्हाळ्याला अमेरिकेच्या इतिहासात ‘रेड समर’, रक्ताचा उन्हाळा, म्हणतात. पहिल्या महायुद्धात लढून कृष्णवर्णीय सैनिक घरी परतले होते आणि आता मान खाली घालून चालायची त्यांची तयारी नव्हती. दोन डझनांहून अधिक ठिकाणी दंगली उसळल्या. एकट्या शिकागोत ३८ माणसे मेली, त्यांत २३ काळी आणि १५ गोरी होती. वॉशिंग्टनमध्ये एका काळ्या माणसाला ट्राममधून ओढून काढून मारताना ऑसियननी पाहिले. पुढे १९२१ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावी तर पस्तीस चौकांची अख्खी भरभराटीची कृष्णवर्णीय वस्ती जाळून टाकण्यात आली. डॉ. ए. सी. जॅक्सन हे तिथले नामांकित शल्यविशारद हात वर करून घराबाहेर आले होते, तरी त्यांना गोळी घातली गेली.

डेट्रॉईटमध्ये स्वतः डॉक्टर होऊन बसलेल्या माणसाच्या मनात हे सारे घर करून होते. त्यातच जून १९२५ मध्ये डॉ. अलेक्झांडर टर्नर यांची बातमी आली. टर्नर हे स्वीट यांचे सहव्यवसायी, उत्तम सर्जन. त्यांनी गोऱ्या वस्तीत घर घेतले आणि राहायला गेले त्याच दिवशी जमावाने घराला वेढा घातला. आपण महापौरांकडून आलो आहोत असे सांगून दोघांनी दार उघडायला लावले आणि पिस्तुलाच्या धाकाने घर परत विकल्याच्या कागदावर त्यांची सही घेतली. टर्नर कसेबसे मोटारीत बसून निघाले, तेव्हाही मागून दगड येतच होते. शहरात त्यांची हेटाळणी झाली. स्वीट यांनी मित्रांना सांगितले, आपण टर्नरसारखे पळून जाणार नाही.

दगड आणि गोळ्या

गारलंड अव्हेन्यूवर ही बातमी पसरल्यावर शेजाऱ्यांनी ‘वॉटरवर्क्स पार्क इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ नावाची संघटना काढली. नाव वस्तीसुधाराचे, काम एकच. समोरच्या शाळेच्या आवारात शेकडो लोकांची सभा झाली. टर्नर यांना हुसकावण्यात पुढे असलेल्या एकाने भाषण करून तसेच इथेही करायचा सल्ला दिला.

पहिली रात्र कशीबशी गेली. बाहेर लोक जमत होते, पांगत होते, पुन्हा जमत होते. सकाळी घरी मुक्कामाला राहिलेली एक मैत्रीण कामावर निघाली, तेव्हा ट्राममध्ये गोऱ्या बाईचे बोलणे तिच्या कानावर पडले : आज रात्री त्यांना बाहेर काढणार आहेत. तिने ते लगेच स्वीटना कळवले. असे असूनही त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, पतिपत्नी बाजारात जाऊन नव्या घरासाठी फर्निचर ठरवून आली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. पलंग, टेबल, खुर्च्या! घर सोडून जायचा विचार असलेले माणूस फर्निचर घेत नाही.

संध्याकाळी घरात डॉक्टरांचा धाकटा भाऊ हेन्री होता. तो कॉलेजात शिकत होता. शिवाय काही मित्र, विमा कंपनीतले तिघे, मोटारचालक आणि एक नोकर होता. पुरुष मंडळी पत्ते खेळत बसली होती आणि ग्लॅडिस पाहुण्यांसाठी स्वयंपाकघरात रांधत होती. आठच्या सुमाराला छपरावर पहिला दगड पडला. त्याच वेळी दुसरा भाऊ, दंतवैद्य ऑटिस, आणि एक मित्र टॅक्सीतून उतरले. त्यांना पाहताच आरडाओरडा झाला आणि दगडांचा वर्षाव सुरू झाला. वरच्या मजल्यावरची एक खिडकी फुटून काचा खोलीभर उडाल्या. मग घरातून गोळ्या सुटल्या.

समोरच्या बाजूला शेजाऱ्याच्या घरापाशी पाइप ओढत उभा असलेला लिऑन ब्रायनर पाठीत गोळी लागून मेला. तो तेहेतीस वर्षांचा, कारखान्यातला फोरमन आणि दोन मुलींचा बाप होता. दुसऱ्या एकाच्या पायाला गोळी लागली. इतका वेळ जमावाकडे बघत उभे असलेले पोलीस आता धावत घरात शिरले. त्यांनी अकराही जणांना बेड्या घातल्या. त्यात ग्लॅडिसही होती. अकराही जणांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. मिशिगन राज्यात फाशी नव्हती. दोषी ठरले तर जन्मठेप ठरलेली.

शहराच्या महापौरांनी पत्रक काढून क्लॅनला दोष दिला; पण त्याच दमात, जिथे आपण नको आहोत तिथे राहायला जाणारे कृष्णवर्णीयही शांततेला धोका आणतात, असेही सुनावले. दोन्हीकडची मते सांभाळायची ही कला सर्वत्र सारखीच दिसते.

कोर्टात

ही बातमी न्यूयॉर्कला ‘एनएएसीपी’च्या कचेरीत पोचली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिचे मुखपत्र चालवणारे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉय यांचे नाव मराठी वाचकांना एका वेगळ्या संदर्भात ठाऊक असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेण्याच्या अर्जाबाबत ज्यांना पत्र लिहिले, ते हेच ड्युबॉय. संस्थेचे वॉल्टर व्हाइट तातडीने डेट्रॉईटला आले. हा गृहस्थ कृष्णवर्णीय, पण गोरापान आणि निळ्या डोळ्यांचा. त्यामुळे दक्षिणेत गोरा म्हणून वावरून त्याने जमावाच्या हत्याकांडांची माहिती काढली होती. स्थानिक कृष्णवर्णीय वकील खटल्यात होतेच. पण जुरी गोऱ्यांचीच असणार, तेव्हा वजनदार गोरा वकील हवा असे ठरले आणि क्लॅरेन्स डॅरो यांना गाठण्यात आले. डॅरो अडुसष्ट वर्षांचे, देशातले सर्वांत गाजलेले फौजदारी वकील. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल टेनेसी राज्यात चाललेल्या शिक्षकाच्या खटल्याने त्यांचे नाव त्याच उन्हाळ्यात घरोघर पोचले होते. देशभरच्या कृष्णवर्णीयांनी चर्चमध्ये, सभांत, पैसा-पैसा जमवून बचाव निधी सत्तर हजार डॉलर्सच्या वर नेला.

न्यायमूर्ती होते फ्रँक मर्फी, अवघे पस्तीस वर्षांचे. इतर न्यायाधीश हा खटला टाळत असताना त्यांनी तो स्वतःकडे घेतला आणि ग्लॅडिसला जामीनही दिला. तोवर तिचे तीन आठवड्यांहून अधिक दिवस तुरुंगात गेले होते.

सरकारी पक्षाचे म्हणणे असे की, रस्त्यावर जमाव नव्हताच, थोडेसे लोक शिळोप्याच्या गप्पा मारत होते. याला कायदेशीर कारण होते. मिशिगनच्या कायद्यात बारा सशस्त्र किंवा तीस निःशस्त्र माणसे एकत्र आली तर तो बेकायदा जमाव ठरे. म्हणून साक्षीदार एकामागून एक येऊन ‘थोडेसे लोक’ असेच सांगत होते. अशा साक्षीदारांची संख्याच सत्तरच्या आसपास होती! त्यातला एक किशोरवयीन मुलगा बोलता बोलता ‘पुष्कळ लोक’ म्हणून गेला आणि लगेच चूक सुधारून ‘थोडेसे’ म्हणाला. डॅरोनी शांतपणे विचारले, आधी ‘थोडेसे’ म्हणायचे विसरलास ना? मुलगा सरळपणे ‘हो’ म्हणाला. ते कोणी पढवले होते, हे ओळखायला मग जुरीला काही कठीण नव्हते.

डॉक्टर साक्षीला उभे राहिले तेव्हा डॅरोंनी त्यांना बालपणापासून बोलते केले. बार्टोचा जाळलेला मुलगा, वॉशिंग्टन, शिकागो, टल्साचे डॉ. जॅक्सन सारे कोर्टात आले. दार उघडून बाहेर पाहिले तेव्हा समोर आपल्या लोकांच्या मागे वर्षानुवर्षे लागलेला तोच जमाव दिसला, अशा आशयाचे ते बोलले. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. गोळी झाडणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होते हे महत्त्वाचे आहे, म्हणून मर्फींनी ती साक्ष मान्य केली.

बारा गोऱ्या पुरुषांची जुरी छेचाळीस तास वाद घालत राहिली आणि निकाल न देताच विसर्जित झाली. एप्रिल १९२६ मध्ये खटला पुन्हा उभा राहिला, तो एकट्या हेन्रीवर, कारण गोळी झाडल्याचे त्याने कबूल केले होते. डॅरोंचे समारोपाचे भाषण जवळजवळ सात तास चालले. अकरा गोऱ्यांनी काळ्या जमावापासून आपले घर वाचवले असते तर त्यांच्यावर खटला भरायचे कोणाच्या स्वप्नातही आले नसते, उलट त्यांना पदके मिळाली असती, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. १३ मे रोजी, पुन्हा पूर्ण गोऱ्याच असलेल्या जुरीने चार तासांच्या आत हेन्रीला निर्दोष ठरवले. बाकीच्यांवरचे आरोप १९२७ मध्ये मागे घेण्यात आले.

नंतर

आयव्हाला मात्र हे घर लाभले नाही. ऑगस्ट १९२६ मध्ये, दोन वर्षांची होऊन थोडेच दिवस झाले असताना, ती क्षयाने गेली. ग्लॅडिसलाही क्षय झाला होता आणि तो तुरुंगात जडला असे कुटुंबीय मानत. मुलीला पुरायला नेले तेव्हा दफनभूमीच्या रखवालदाराने मागच्या फाटकातून जायला सांगितले आणि डॉक्टरांनी पिस्तूल काढून पुढचे फाटक उघडायला लावले, असे सांगितले जाते. नोव्हेंबर १९२८ मध्ये सत्तावीस वर्षांची ग्लॅडिसही गेली. हेन्री पुढे वकील झाला. त्यालाही १९४० मध्ये क्षयानेच गाठले.

मर्फी पुढे मिशिगनचे गव्हर्नर आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. कृष्णवर्णीयांना घर न विकण्याच्या खरेदीखतातील अटी न्यायालये अमलात आणू शकत नाहीत, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. त्यासोबत निकाल लागलेल्या खटल्यांपैकी एक डेट्रॉईटचाच होता, आणि निर्णय देणाऱ्यांत मर्फीही होते.

ग्लॅडिसच्या मृत्यूच्या सुमारास डॉक्टर गारलंड अव्हेन्यूच्या घरी राहायला परत गेले. ते एकटेच तिथे नांदू लागले. दवाखाना चालला, निवडणुका लढवल्या त्यात हरले, नंतरची लग्ने टिकली नाहीत, कर्ज वाढत गेले. तरी घर त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सोडले नाही. अखेर विकले, ते दक्षिणेतून आलेल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाला. मार्च १९६० मध्ये डॉक्टरांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. कोपऱ्यावरचा तो विटांचा बंगला १९८५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंदवला गेला.